पळून जाऊन लग्न : ऐकीव कायदा आणि खरा कायदा

घरच्यांच्या विरोधात लग्न करायचं ठरवलेल्या जोडप्याला सल्ले देणारे खूप भेटतात. कुणी सांगतं स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करा, कुणी सांगतं आळंदी गाठा, तासाभरात उरकतं. ज्या कागदावर सगळी भिस्त ठेवली तोच पुढे कुचकामी निघाला, तर त्याची झळ बहुतेक वेळा मुलीला जास्त बसते. तिचे परतीचे दोर कापलेले असतात आणि बायको म्हणून हक्क मागायलाही आधार उरत नाही.

नोटरीपासून सुरुवात करू. दोघांनी ‘आम्ही आजपासून पती-पत्नी आहोत’ असं प्रतिज्ञापत्र केलं, तरी त्याने लग्न होत नाही. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकारच नाही.

आळंदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या मंगल कार्यालयात लागलेलं लग्न खोटं नसतं, पण ते कशामुळे खरं ठरतं हे अनेकांना माहीत नसतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार वर किंवा वधूपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. विधी न करता नुसता दाखला मिळवला असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, विधी झालेच नसतील तर संस्थेचं प्रमाणपत्र आणि सरकारी नोंदणी असूनही तो हिंदू विवाह ठरत नाही. म्हणून घाईतही विधी खरोखर करा, त्यांचे फोटो काढा, पुरोहिताचं नाव-पत्ता घ्या. महाराष्ट्रात नोंदणीच्या ‘नमुना ड’वर तीन साक्षीदारांसोबत पुरोहिताचीही सही लागते. ही नोंदणी लग्नापासून ९० दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे करायची असते. ती राहून गेली म्हणून लग्न रद्द होत नाही, पण पुरावा मात्र लंगडा पडतो.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच आहे. जोडप्यातलं एक जण मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल आणि दोघांनाही आपापला धर्म ठेवायचा असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते हेच, पण ते कोर्टात होत नाही. ते विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं, आणि एका दिवसात तर मुळीच होत नाही. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकाचं आधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

पळून जाणाऱ्यांसाठी हेच ३० दिवस सर्वांत अवघड. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. आई-वडिलांच्या घरी ती पाठवावी, असं कायद्यात कुठेही नाही. पण एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुमचं कायमचं वास्तव्य सांगलीत असेल आणि नोटीस पुण्यात दिलीत, तर तिची प्रत सांगलीच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. बातमी गावाला कळेल हे गृहीत धरून, नोटीस देण्याआधीच राहण्याची सुरक्षित सोय करायला हवी. कळलं तरी घरचे लग्न रोखतील असं नाही. हरकत घेता येते ती वय, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं आणि मानसिक क्षमता अशा कायद्यातल्या अटींवरच. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होऊच शकत नाही.

निषिद्ध नात्याची अट मात्र आपल्याकडे अनपेक्षितपणे आडवी येऊ शकते. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा या कायद्याच्या निषिद्ध यादीत आहे. रूढीची सवलत हवी असेल, तर ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली असावी लागते.

गोव्याचा कायदा निराळा. तिथे निबंधकासमोरची पहिली सही म्हणजे फक्त इरादा, लग्न होतं ते दुसऱ्या सहीने. पहिल्याच सहीला लग्न समजून संसार थाटणं धोक्याचं.

वयाबाबत कसलीही पळवाट नाही. मुलगा २१, मुलगी १८. मुलगी १८ च्या आत असेल, तर ती स्वतःच्या मर्जीने आली हे सांगून उपयोग नाही. मुलावर अपहरणाचा आणि पोक्सोचा गुन्हा दाखल होऊ शकतो. घर सोडताना शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला सोबत हवा तो याचसाठी.

दोघं सज्ञान असतील, तर आई-वडिलांची सही लागत नाही. तरी ते पोलिसांत ‘मिसिंग’ नोंदवतातच, आणि मग ठाण्यातून फोन येतो. मुलीला तिच्या गावच्या ठाण्यात यावंच लागेल, हा समज भीतीपोटी पसरला आहे. मुलीने कर्नाटकातल्या ठाण्यात येऊन जबाब द्यावा असा आग्रह धरणाऱ्या तपास अधिकाऱ्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कडक ताशेरे ओढले. ती राहते तिथे जाऊन जबाब घ्यायला हवा होता, असं न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे आहात तिथल्याच ठाण्यात, शक्यतो वकिलासोबत जा, ‘मी माझ्या इच्छेने आले आहे’ असा लेखी जबाब द्या आणि पोच घ्या. जिवाला धोका वाटत असेल, तर त्याच अर्जात संरक्षण मागा. शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन ठेवायला सांगितलं आहे, आणि पोलीस अधीक्षक या कक्षाचे सदस्य असतात. ठाण्यात दाद लागली नाही, तर अर्ज थेट त्यांच्याकडे द्या.