कुणी आलं नाही, मग 'नोबडी' कसं आलं?

सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या वैरागच्या एसटी स्टँडवर बाकावर बेवारस पिशवी दिसली, की कुणीही म्हणेल, "कुणीतरी पिशवी विसरून गेलंय." गेलाय नाही, गेलीय नाही; गेलंय. विसरणारा गडी की बाई, हे ठाऊक नसलं की मराठी सरळ नपुंसकलिंगावर भागवते. इंग्रजीत 'समवन' मिळतो, पण पिशवी 'हिज' की 'हर', इथे अडतं. मग इंग्रजी अनेकवचनाचा आडोसा घेते: 'समवन हॅज लेफ्ट देअर बॅग'. क्रियापद एकवचनी, सर्वनाम अनेकवचनी! ही पळवाट नवी नाही, चौदाव्या शतकापासूनची आहे.

'एव्हरीवन'चंही क्रियापद तसंच एकवचनी. मनात 'सगळे आलेत' असतं म्हणून पोरं 'एव्हरीवन हॅव कम' लिहितात. मनात 'प्रत्येकजण आलाय' आणलं, तर 'हॅज' आपोआप येतो.

खरी मेख मात्र नकारात आहे. "शिकवणीला कुणी आलं नाही" याचं इंग्रजी वहीत हमखास 'एनीबडी डिड नॉट कम' असं उतरतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, तरी ही चूक हटत नाही, कारण ती आळसातून येत नाही. मराठीत 'नाही' शेवटी येतं आणि 'कुणी' त्याच्या भरवशावर निर्धास्त पुढे बसतो. इंग्रजीतल्या 'एनीबडी'ला ती मुभा नाही. नकार त्याच्या आधी लागतो. 'आय डिड नॉट सी एनीबडी' चालतं. पण वाक्याची सुरुवातच त्या शब्दाने करायची असेल, तर नकार त्याच्याच पोटात घालावा लागतो: 'नोबडी केम'.

आणि "कुणीच आलं नाही"? इथे काही हुशार मुलं 'नोबडी डिड नॉट कम' लिहितात. आजच्या प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, न आलेला एकही नाही, म्हणजे अख्खा वर्ग हजर! गंमत अशी, की चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काळच्या इंग्रजीत दोन नकार एकमेकांना बळच देत. ते एकमेकांना खोडतात, हा दंडक व्याकरणकारांनी पक्का केला तो अठराव्या शतकात.

प्रश्नात 'एनी', होकारात 'सम', हा पाठ केलेला नियमही पुरता खरा नाही. "काही खाणार का?" असं पाहुण्याला विचारताना 'वुड यू लाइक समथिंग टु ईट?' हेच शोभतं. त्यात 'हो म्हणा' असा आग्रह असतो. 'एनीथिंग'ही चुकीचं नाही, पण त्यात तो आग्रह पातळ होतो. मराठीत 'काही' दोन्हीकडे तोच. आग्रह करायचा असेल, तर "काहीतरी खाऊनच जा" म्हणायचं.