आर्द्रतेचा आकडा एकटा वाचू नका

दिव्याखाली घरात झाडं वाढवताना ‘आर्द्रता ६० टक्के ठेवा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो, कारण ही टक्केवारी तापमानाला बांधलेली असते. बंद खोलीत २५ अंशांना ६० टक्के दाखवणारी हवा रात्री दिवे विझून १८ अंशांवर आली, की थेंबभर पाणी न वाढवता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. करड्या बुरशीला हेच हवं असतं. उलट ३० अंशांना तेच ६० टक्के पानांतलं पाणी २५ अंशांपेक्षा साधारण एक-तृतीयांश अधिक जोराने ओढतात. मग फवारा मारावा? त्याने हवा घटकाभरच ओलावते. संध्याकाळी भिजलेली पानं मात्र रात्रभर ओली राहू शकतात. त्यापेक्षा रात्रीही खोलीतला पंखा आणि हवा बाहेर टाकणारा पंखा, दोन्ही चालू ठेवावेत. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट, तिथे ओलावा शोषणारं यंत्रच लागतं (आणि ते खोली तापवतं, बरं का).