तिवराचं मीठ आणि घोटीचा भात

घोटीत उभं राहून खारफुटीवर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. इथे ना समुद्र दिसतो, ना खाडीचा वास येतो. विषय कळवला तेव्हा फोनवर प्रश्न आलाच, "सर, आमचा त्याच्याशी काय संबंध?"

पहिला संबंध पाण्याचा. तुमच्या तालुक्यातला पाऊस दोन वाटांनी जातो. वैतरणेला मिळालेलं पाणी पश्चिमेला, विरारच्या उत्तरेला खाडीतल्या तिवरांपाशी उतरतं. दारणेचं पाणी गोदावरीतून आंध्रात, काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीपर्यंत पोचतं. मधली धरणं वाटेत किती अडवतात आणि मुंबई किती पिते, ते आज बाजूला ठेवू.

दुसरा संबंध नात्याचा, आणि तो मला जास्त आवडतो. तिवर हल्लीच्या वर्गीकरणानुसार अडुळशाच्या कुळातला आहे. तुमच्या डोंगरावर सात वर्षांनी फुलणारी कारवी त्याच कुळातली. पांढरी चिपी, जिला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं, ती डाळिंब, मेंदी आणि ताम्हण यांच्या कुळातली. सटाण्याचं डाळिंब आणि ठाण्याच्या खाडीतली चिपी भाऊबंद आहेत! म्हणजे सगळ्या खारफुटी एकाच पूर्वजाच्या वंशज नाहीत. निरनिराळी कुळं आपापल्या वाटेने चिखलात उतरली आणि तिथे जगायला शिकली. खारफुटी हे आडनाव नव्हे, तो व्यवसाय आहे.

आता मीठ सोसणं म्हणजे नेमकं काय? मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दाशी अडखळतो. वेदान्तात तितिक्षा म्हणतात, ती म्हणजे प्रतिकार न करता सोसणं. हे झाड तसं काही करत नाही. त्याचा प्रतिकार अखंड चालू असतो. मीठ झाडाला दोन प्रकारे मारतं. एक, खाऱ्या चिखलातून मुळांना पाणी ओढणं अवघड होतं. दोन, सोडियम हा पोटॅशियमसारखा दिसणारा तोतया आहे. पेशीत शिरून पोटॅशियमची जागा बळकावतो आणि कामं बिघडवतो. तिवर पुष्कळसं मीठ मुळाशीच अडवतो. आत आलेल्यापैकी सुमारे 40 टक्के पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कधी खाडीवर गेलात तर तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. उरलेलं मीठ पेशीतल्या रिक्तिका नावाच्या पिशवीत कोंडून ठेवतो. आणि पिशवीबाहेरचा भाग पाणी धरून राहावा म्हणून तिथे ग्लायसीन बीटेन नावाचं निरुपद्रवी द्रव्य साठवतो. हे सगळं करायला ऊर्जा लागते. फुकट काही नाही.

या कामांमागची जनुकं कोणती? 2021 मध्ये भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसने तमिळनाडूतल्या एसआरएम संस्थेच्या सहकाऱ्यांबरोबर तिवराचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. 31 गुणसूत्रं, प्रथिनं घडवणारी 31,477 जनुकं. त्यांपैकी 3,246 जनुकं खारेपणाला प्रतिसाद देणारी. हा आकडा नीट ऐका. "मीठ सोसण्याचं जनुक" असं एकवचनी काही नाही. आणि गंमत बघा, दुसऱ्या वनस्पतींत ज्यांचा उपयोग प्रयोगाने आधीच सिद्ध झाला होता अशा 614 जनुकांचे भाऊबंद तिवरात सापडले. सोडियम पिशवीत ढकलणारी प्रथिनं भातातही असतात. फरक पडतो तो कुठलं जनुक, कुठल्या पेशीत, कधी आणि किती जोरात चालतं यात. पेटी तीच असते, वाजवणारा वेगळा.

भात म्हटल्यावर तुम्ही सावरून बसलात! समुद्राच्या दहाव्या हिश्शाइतका खारेपणा असला तरी नेहमीच्या भाताची वाढ खुंटते. चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात अजय परिदा आणि सहकाऱ्यांनी तिवराचं एक जनुक पुसा बासमती-1 या भातात घातलं. पेशीतली विषारी ऑक्सिजन-रूपं निकामी करणारं ते जनुक. प्रयोगात त्या रोपांनी ताण जास्त सोसला. 2008 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण 3,246 मधलं हे एक. प्रयोगशाळेतलं रोप आणि खाजणातलं पीक यांत अंतर आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-1, 2, 3 हे वाण साध्या संकर-निवडीतूनच दिले, हेही लक्षात ठेवा.

मागच्या एका व्याख्यानात एका तरुणाने विचारलं होतं, "जनुकं कळली, संगणकात नोंदली, मग झाडं राखायची कशाला?" प्रश्न कठोर आहे, पण प्रामाणिक आहे. उत्तराचा एक भाग अगदी शेतकऱ्याच्या भाषेतला आहे. भाताचं बी तुम्ही वाळवून कणगीत ठेवता, पुढच्या वर्षी ते रुजतं. तिवराचं बी झाडावरच अंकुरायला लागतं. वाळवलं की मरतं. त्याची बियाणे-पेढी काढता येत नाही. त्याची पेढी म्हणजे खाडीच. शिवाय नोंद होते ती काही झाडांची. खाडीगणिक, झाडागणिक जो थोडा थोडा फरक असतो, त्यातूनच उद्याच्या उष्ण, जास्त खाऱ्या समुद्रात कोण टिकेल ते ठरतं.

पण उत्तराचा दुसरा भाग मला अवघड जातो. रायगडात खारबांध फुटतो, डागडुजी होत नाही, भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि काही वर्षांत तिथे तिवर उगवतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांमुळे खारफुटी तोडता येत नाही. ते आदेश आवश्यकच होते, नाहीतर मुंबईभोवती काही उरलं नसतं. पण सातबारावर नाव असलेला तो शेतकरी बांधावर उभा राहून स्वतःच्या शेतातलं जंगल बघतो. त्याला मी ग्लायसीन बीटेन सांगू काय? माझ्या मते चूक झाडाची नाही आणि त्याचीही नाही. बांध वेळेवर दुरुस्त व्हायला हवा होता. जिथे शेत कायमचं गेलं, तिथे जंगल राखण्याचा मोबदला त्याला मिळायला हवा. तिवराच्या जनुकांवर उद्या कुणी पेटंटचा व्यवहार केला, तर त्यात या माणसाचा वाटा कुठे लिहिलेला असेल?

हा प्रश्न मी घोटीत विचारतोय, कारण इथे भातगिरण्या आहेत आणि भाताचा भाव तुम्हाला कळतो. कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा. मागचे आजोबा मघापासून हात वर करून आहेत, आधी त्यांना माइक द्या.