पंचगंगेच्या तळातली वस्ती

प्रयाग चिखलीला कासारी आणि भोगावती भेटतात. तिथून नृसिंहवाडीपर्यंत, सुमारे 80 किलोमीटर, ती पंचगंगा. एवढ्या वाटेत पाण्याचा रंग बदलतो हे घाटावरूनही दिसतं. तळाची वस्ती किती बदलते, हे मात्र पाण्यात हात घातल्याशिवाय कळत नाही.

वर गगनबावडा, दाजीपूरकडच्या ओढ्यात गोटा उलटा केला की खाली मेफ्लायची चपटी अळी चिकटलेली सापडते. पोटाच्या कडेला तिचे कल्ले ओळीने असतात. शेजारी कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने जोडून नळीसारखं घर बांधते. या मंडळींना गार, धावतं पाणी लागतं. 20 अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तोच साडेसातवर येतो. तळाशी कोण राहणार, हे बरंचसं या फरकावर ठरतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं आणि गाळ बसतो. गोट्यांवर जगणाऱ्या अळ्या त्यात गाडल्या जातात. त्यांच्या जागी शंख, शिंपले आणि गाळात दबा धरून बसणाऱ्या चतुराच्या अळ्या येतात. बंधाऱ्याखाली पाणी कातळावर आपटून हवा घेतं, म्हणून तिथली वस्ती पुन्हा निराळी. जूनमध्ये बरगे निघतात, पूर गाळ धुऊन नेतो आणि मांडणी नव्याने सुरू होते.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं आयुष्य तर थक्क करणारं. त्याची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून प्रवास करतात आणि मग गळून तळाशी बसतात. उन्हाळ्यात नदीत मासे मरतात तेव्हा शिंपल्यांची पुढची पिढीही अडते. मोठे शिंपले वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून ही हानी लगेच नजरेत येत नाही.

कोल्हापूर शहरातल्या जयंती नाल्यासारखं सांडपाणी मिसळतं तिथे उरतात लालभडक अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमी. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. अगदी थोडा प्राणवायूही ते पकडून ठेवतं. ट्युबिफेक्स डोकं गाळात खुपसून शेपूट वर हलवत श्वास घेतो. अशा जागी जाती मोजक्याच असतात, पण त्यांची संख्या अफाट. भरपूर जीव दिसले म्हणजे नदी निरोगी, असं म्हणूनच समजू नये.

ब्रिटनमध्ये रुळलेल्या गुणपद्धतीत स्वच्छ पाणी लागणाऱ्या स्टोनफ्लाय कीटकांच्या बहुतेक कुळांना 10 गुण, लाल अळ्यांच्या कुळाला 2 आणि ट्युबिफेक्सच्या गटाला 1 गुण मिळतो. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही तळजिवांवर आधारलेले निकष आहेत. बाटलीतला नमुना त्या घटकेचं पाणी सांगतो. तळातला शिंपला पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे गेल्या कित्येक महिन्यांचा हिशेब त्याच्यापाशी असतो. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी दर वर्षी बरगे घालण्याआधी आणि काढण्याआधी प्रत्येक बंधाऱ्याच्या वर आणि खाली ही मोजणी करावी, आणि तिचे आकडे नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावेत.