यीस्टनं केला साबण!

दिघी माहीत आहे ना? पुण्याहून आळंदीला जाताना लागते ती! थोडं पुढं गेलं की आलीच इंद्रायणी नदी. कधी कधी तिच्यावर पांढराशुभ्र फेस तरंगतो. दिसतो छान, पण असतो घाणीचा! कारखान्यांचं आणि घराघरांतलं सांडपाणी, त्यातच आपल्या धुण्याभांड्यांचा साबण.

मग काय, भांडी घासायचीच नाहीत? छे! थालीपिठाच्या डब्यात नुसतं पाणी ओता बरं. तेल जागचं हलत नाही! साबणाचा कण मात्र भारी हुशार. त्याच्या डोक्याला पाणी आवडतं आणि शेपटीला तेल! शेपटी तेलात रुतते, डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि तेल सुटून निघून जातं.

आता गंमत ऐका. असा कण एक इवलासा जीवसुद्धा बनवतो! पाव फुगवणाऱ्या यीस्टचा हा लांबचा भाऊ, म्हणजे हाही यीस्टच. नाव कसलं भारदस्त! स्टार्मेरेला बॉम्बिकोला. सापडला कुठं, ओळखा पाहू? मधात! बंबलबी नावाच्या गुबगुबीत, केसाळ माशीच्या मधात. १९७० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली.

त्याला खायला हवं गोड आणि तेलकट. पण ताजंच हवं, असा हट्ट नाही! साखर कारखान्यात साखर काढून झाली की काळी, चिकट मळी उरते. तिच्यात अजून जवळजवळ निम्मी साखरच असते! सोबत तळून तळून काळं झालेलं तेल दिलं, की स्वारी खूश. उसाच्या चिपाडातली साखर मोकळी करून दिली, तर तीही फस्त!

थोडी ऊब, भरपूर हवा आणि काही दिवस. मग तळाशी तपकिरी, दाट थर साचतो. एका लिटरमागे १०० ग्रॅमहूनही जास्त! त्याचं नाव सोफोरोलिपिड. डोकं साखरेचं, शेपटी तेलाची!

पण यीस्टला कुठं भांडी घासायचीत? मग हा खटाटोप कशाला? शास्त्रज्ञ म्हणतात, बहुधा खाऊ राखायला! मधल्या सुट्टीत आपला डबा दुसऱ्यानं संपवू नये म्हणून तुम्ही लपवता ना, तसंच. साखरेचं असं काही करून ठेवायचं, की शेजारच्या जंतूंना ते सहजी खाताच येऊ नये!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अस्मिता प्रभुणे यांनी याच सोफोरोलिपिडवर संशोधन केलंय. जपानमध्ये तर ते घातलेला भांड्यांचा साबण दुकानात मिळतो! पाण्यात गेल्यावर जंतू सोफोरोलिपिडला लवकर कुजवून टाकतात. आणि फेस? अगदी थोडा!

फेस कमी, मग भांडी तेलकट राहणार? मुळीच नाही! तेल काढते ती शेपटी, फेस नव्हे. आज डबा घासताना फेसाकडे नको, तेलाकडे बघा!