अवटु ग्रंथीची रक्तपरीक्षा आणि औषधाची मात्रा

इ. स. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर एक नवा उपचार सुरू केला. तिचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता, त्वचा कोरडी व खरखरीत बनली होती, बोलणे मंदावले होते आणि थंडी तिला मुळीच सोसत नसे. मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क काढून तो तिला टोचला. काही महिन्यांतच सूज ओसरली व बोलणे पूर्ववत झाले. पुढे हाच अर्क तोंडावाटे देण्यात येऊ लागला आणि ती स्त्री १९१९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. या २८ वर्षांत तिला लागलेल्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या.

अर्काची मात्रा पुरेशी आहे की नाही हे रक्तावरून ठरविण्याची सोय त्या काळी नव्हती. रुग्णेचा चेहरा, तिचे बोलणे, तिची नाडी यांवरूनच अंदाज बांधावा लागे. आज स्थिती नेमकी उलट झाली आहे. रोग्याच्या हाती प्रयोगशाळेचा कागद असतो, त्यावर दोन-तीन आकडे असतात, आणि पुष्कळदा रोग्याकडे न पाहता त्या आकड्यांकडे पाहूनच गोळी वाढविली किंवा कमी केली जाते. म्हणून हे आकडे वस्तुतः काय सांगतात हे नीट समजून घेतले पाहिजे.

अवटु ग्रंथी, म्हणजे आज घरोघर जिचे नाव घेतले जाते ती थायरॉइड, मानेच्या पुढील भागी श्वासनलिकेला बिलगून असते. रक्तातील आयोडीन वेचून ती दोन हॉर्मोने बनविते. त्यांपैकी ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात ते थायरॉक्सीन किंवा टी-४, व ज्यात तीन असतात ते टी-३. थायरॉक्सीन शुद्ध स्वरूपात प्रथम मिळविले ते अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी, १९१४ च्या नाताळच्या दिवशी. टी-३ चा शोध मात्र १९५२ पर्यंत लागला नव्हता. ग्रंथीतून बाहेर पडणारा बहुतेक स्राव टी-४ चा असतो. शरीरातील निरनिराळे अवयव त्यातील आयोडीनचा एक अणू काढून टाकून आपल्या गरजेपुरते टी-३ तयार करतात, आणि प्रत्यक्ष काम करते ते हेच. आज रोग्याला जी गोळी देतात तीत कृत्रिम रीतीने बनविलेले टी-४ असते. मेंढ्यांची गरज उरलेली नाही.

अहवालात सर्वांच्या नजरेत प्रथम भरणारा आकडा असतो तो टीएसएचचा. परंतु हे हॉर्मोन अवटु ग्रंथीचे नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी, म्हणजे पिट्यूटरी, ते तयार करते. पूर्वी विहिरीवर मोट चालत असे तेव्हा शेतात दारे धरणारा माणूस पाणी कमी येऊ लागले की मोट हाकणाऱ्याला हाक मारी, आणि पाट भरून वाहू लागला की गप्प बसे. टीएसएच ही ती हाक होय. रक्तात टी-४ कमी पडले की हाकेचा आवाज चढतो, जास्त झाले की उतरतो. म्हणूनच टीएसएच वाढले याचा अर्थ ‘थायरॉइड वाढला’ असा नसून अवटु ग्रंथी मंदावली आहे असा आहे. हा साधा उलटा संबंध ध्यानात न आल्याने कित्येक रोगी आकडा चढलेला पाहून आपली गोळी परस्पर बंद करतात.

हा आवाज विलक्षण संवेदनशील असतो. रक्तातील मुक्त टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही. ते सुमारे शंभर पटींनी वाढू शकते. प्रौढ माणसात टीएसएच साधारणपणे दर लिटरला ०.४ ते ४ मिलि-एकके असते, तथापि प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी निराळी असल्याने अहवालावर छापलेली मर्यादाच पाहावी. इतक्या सूक्ष्म प्रमाणातील पदार्थ मोजणे शक्य झाले ते रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी शोधलेल्या किरणोत्सर्गी पद्धतीमुळे. या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वीच निवर्तले होते.

दुसरा आकडा मुक्त टी-४ चा. रक्तातील टी-४ पैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना जखडलेला असतो आणि उरलेला लेशमात्र भागच पेशींच्या उपयोगी पडतो. गरोदरपणात किंवा संततिप्रतिबंधक गोळ्यांमुळे ही प्रथिने वाढतात आणि एकूण टी-४ चा आकडा रोगावाचूनच फुगतो. म्हणून मुक्त भाग मोजणे श्रेयस्कर. टीएसएच चढलेले व मुक्त टी-४ उतरलेले असेल तर निदान सरळ आहे. टीएसएच थोडेसे चढलेले, समजा ६ किंवा ७, आणि मुक्त टी-४ मात्र यथास्थित असेल, तर घाई करू नये. दोन-तीन महिन्यांनी परीक्षा पुन्हा केली असता पुष्कळांचा आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. शिवाय वृद्धांत तो थोडा वर असणे हे वयाला धरूनच असते.

येथे मिठाविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंडाला आळा बसतो हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु आयोडीन पुरेसे मिळत असताही ग्रंथी मंदावते, याचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच तिच्यावर उलटते. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला विकार तो हाच. तो अधिक मीठ खाल्ल्याने बरा होत नाही.

आता मात्रेकडे वळू. ज्याची ग्रंथी जवळजवळ निकामी झाली आहे अशा प्रौढाला दर किलोग्रॅम वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम टी-४ लागते. समजा, ६० किलो वजनाच्या एका स्त्रीला १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. दोन आठवड्यांनी तिने अधीरतेने रक्त तपासून घेतले. टीएसएच १८ आले. मात्रा अपुरी आहे असे मानून ती १५० केली गेली. दोन महिन्यांनी टीएसएच ०.०५ झाले, छातीत धडधड व हातांना कंप सुरू झाला. तेव्हा घाबरून मात्रा ५० वर आणली, आणि पुन्हा दोन महिन्यांनी तीच सूज व तीच मरगळ परतली. वास्तविक पहिलीच मात्रा बरोबर असण्याचा पुष्कळ संभव होता. टी-४ रक्तातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे नवी मात्रा रक्तात स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात, आणि दीर्घकाळ ओरडण्याची सवय लागलेली पोष ग्रंथीही हळूहळूच शांत होते. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच पाहून पुन्हा बदल करणे म्हणजे भांड्यातील पाणी तापण्यापूर्वीच चूल पेटली नाही असे ठरविणे होय. बदलही १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमचाच असावा.

बदल करण्यापूर्वी गोळी पोटात जाऊन शोषली जाते की नाही याची चौकशी करावी. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाची असते. आपल्याकडे ती सकाळच्या चहाबरोबर, कधी लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळीसह एकदमच गिळली जाते. लोह व कॅल्शियम तिला आतड्यात अडवून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. कोणी महिनाभर गोळी विसरतो आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नेमाने घेतो. त्याचे मुक्त टी-४ चांगले येते, पण टीएसएच चढलेलेच राहते. केस वाढावेत म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत तर काही परीक्षापद्धतीच फसतात आणि टीएसएच खोटेच उतरलेले दिसते. रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस बायोटिन थांबविल्यास ही फसगत टळते.

वृद्धांस व हृद्रोग्यांस प्रारंभ १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने करतात, कारण एकाएकी वाढलेला वेग हृदयाला पेलवत नाही. अतिमात्रा दीर्घकाळ चालली तर हृदयाची लय बिघडते व हाडे ठिसूळ होतात. गरोदर स्त्रीची गोष्ट उलटी आहे. तिची गरज पहिल्या काही आठवड्यांतच चौथाई ते निम्म्याने वाढते आणि गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभी मातेच्या टी-४ वर अवलंबून असते. तेथे थांबून चालत नाही; दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त तपासावे.

राहता राहिला तो प्रसंग, जेथे हाक मारणाराच मुका झालेला असतो. बाळंतपणात अतिशय रक्तस्राव झालेल्या एखाद्या स्त्रीच्या पोष ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो व ग्रंथी मरते. तिला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि पुढे कित्येक वर्षे थकवा व थंडी तिचा पिच्छा सोडीत नाही. तिचे केवळ टीएसएच तपासले तर ते ‘सामान्य’ मर्यादेत येऊ शकते आणि तिला काही झालेले नाही असे सांगून घरी धाडले जाते. मुक्त टी-४ मोजले म्हणजेच ते उतरलेले दिसते. अशा रुग्णेच्या अधिवृक्क ग्रंथीही बहुधा मंदावलेल्या असतात. त्यांचे हॉर्मोन आधी न देता थायरॉक्सीन सुरू केले तर जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम ते देतात, नंतर थायरॉक्सीन, आणि तिची मात्रा पुढे जन्मभर टीएसएचवरून नव्हे, तर मुक्त टी-४ वरूनच ठरवितात.