मालकांनी त्याला जळताना पाहिलं, गुलामांनी उडताना! हैतीच्या बंडावरच्या या कादंबरीचा विषय काय आहे?

तारीख २० जानेवारी १७५८. ठिकाण, कॅरिबियन समुद्रातल्या सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतलं काप-फ्रान्से शहर. चौकात लाकडं रचलीत, मधे खांब आणि खांबाला एक माणूस बांधलाय. नाव मकांडाल. आरोप असा की, पळून गेलेल्या या गुलामाने मळ्यामळ्यांत माणसं पेरली आणि मालकांच्या घरात, गोठ्यात विष पोहोचवलं.

आग लागली आणि धडपडीत मकांडाल खांबापासून सुटला. गर्दीतून एकच आरडाओरडा झाला, मकांडाल वाचला! शिपायांनी त्याला पुन्हा धरलं, बांधलं आणि आगीत टाकलं.

इथवर इतिहास आहे. यापुढची गोष्ट कुणाला विचारता त्यावर अवलंबून आहे. मालक म्हणाले, मेला. गुलाम म्हणाले, तो उडाला, माशी झाला, पक्षी झाला, पण जळाला नाही.

क्युबाचा लेखक आलेहो कार्पेंतिए १९४३ मध्ये हैतीला गेला. सां-दोमिंगचंच पुढे हैती झालं. तिथले किल्ले, पडके राजवाडे बघून तो परतला आणि १९४९ साली त्याची छोटीशी कादंबरी आली. स्पॅनिश नावाचा मराठीत अर्थ होतो, या जगाचं राज्य.

जादुई वास्तववाद म्हटलं की गार्सिया मार्केझचं नाव घेतलं जातं. पण मार्केझची ती प्रसिद्ध कादंबरी आली १९६७ मध्ये. त्याच्या १८ वर्षं आधी कार्पेंतिएने प्रस्तावनेत मुद्दा मांडून ठेवला होता. पॅरिसमध्ये तो कलावंतांच्या गोतावळ्यात बरीच वर्षं राहिलेला. छत्री आणि शिवणयंत्र एकाच टेबलावर ठेवायचं आणि बघा काय अद्भुत म्हणायचं, या प्रकाराला तो वैतागला होता. त्याचं म्हणणं असं की, आमच्याकडे अद्भुत गोष्टी बनवाव्या लागत नाहीत, त्या घडलेल्याच आहेत. फक्त त्यासाठी आधी विश्वास लागतो.

आता हा विश्वास एवढा महत्त्वाचा का, ते कळायला साखरेकडे यावं लागतं.

१७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी अंदाजे ४० टक्के साखर या एकट्या वसाहतीतून जायची. गुलाम साधारण ५ लाख आणि गोरे ३०-४० हजार. माणसं इतकी लवकर मरायची की आफ्रिकेतून सतत नवी आणावी लागायची.

कादंबरीतला मकांडाल याच कारखान्यातून घडतो. उसाच्या चरकात त्याचा हात जातो. एका हाताचा गुलाम चरकावर कामाचा नाही, म्हणून त्याला गुरं राखायला पाठवतात. तिथे रानात हिंडताना त्याला पानं, मुळं, अळंबी कळायला लागतात. कशाने जनावर मरतं आणि कशाने माणूस, ते कळतं. म्हणजे ज्या यंत्राने त्याला निकामी केलं, त्यानेच त्याच्या हातात हत्यार दिलं. यात जादू कुठेच नाही. जादू आहे ती गुलामांच्या बोलण्यात. तो फरार झाल्यावर प्रत्येक सरडा, प्रत्येक अनोळखी कुत्रा मकांडाल असू शकतो. आता सांगा, अशा माणसाला पकडायचं कसं?

शिक्षेच्या प्रसंगात तर कार्पेंतिए दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवतो. दोर सुटतात, मकांडाल डोक्यांवरून उडत जातो, गुलाम जल्लोष करतात आणि त्या गोंधळात शिपाई त्याला आगीत कोंबतात, ते फार थोड्यांना दिसतं. गुलाम हसत मळ्यावर परततात. मालक घरी बायकोला सांगतो की, या लोकांना आपल्याच माणसाच्या मरणाचं काही वाटत नाही. लेखक कुणालाच खोटं पाडत नाही. पण काय चुकलंय ते मालकाला कळलेलं नाही, हे वाचणाऱ्याला कळतं.

सिनेमांमुळे आपल्याला वूडू म्हणजे सुया टोचलेली बाहुली एवढंच माहिती. प्रत्यक्षात तो आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांना जोडणारा धर्म होता. ऑगस्ट १७९१ मध्ये बुकमान नावाच्या पुढाऱ्याने रात्री रानात गुलामांची सभा घेतली आणि थोड्याच दिवसांत उत्तरेकडचे मळे पेटले. पुढची १२-१३ वर्षं युद्ध चाललं. नेपोलियनने पाठवलेली फौजही तिथल्या लढाईत आणि पिवळ्या तापात संपली. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं.

गंमत म्हणजे या बंडाचा सगळ्यात मोठा सेनापती तुसँ लुव्हर्त्युर कादंबरीत जवळपास नाहीच. अनेक अभ्यासकांना हे खटकतं आणि तक्रार रास्त आहे. कार्पेंतिएला सेनापतींपेक्षा टी नोएल हा साधा गुलाम हवा होता.

हा टी नोएल म्हातारपणी, स्वतंत्र माणूस म्हणून हैतीत परततो. समोर गुलाबी राजवाडा. शिपाई काळे, सरदार काळे, राजाही काळा, हेन्री क्रिस्तोफ. म्हातारा हरखून बघत राहतो. तेवढ्यात पाठीत काठी बसते. हातात वीट देतात आणि डोंगराकडे पिटाळतात.

वर किल्ला बांधायचं काम सुरू असतं, चुन्यात बैलाचं रक्त मिसळून. आणि टी नोएलच्या लक्षात येतं की जुना मालक गुलामाला मारून टाकताना विचार करायचा, कारण पैसे मोजून आणलेला असायचा. इथे माणूस मेला तर राजाचं काहीच जात नाही.

हा किल्ला खरा आहे. सीतादेल म्हणतात त्याला. फ्रेंच परत येतील या भीतीने बांधला आणि १९८२ पासून तो, शेजारच्या सां-सूसी राजवाड्यासकट, जागतिक वारसा यादीत आहे. फ्रेंच चढाई करून आलेच नाहीत. ८ ऑक्टोबर १८२० ला प्रजा उठल्यावर क्रिस्तोफने स्वतःला गोळी घातली. गोळी चांदीची होती, असं लोक सांगतात.

भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी. म्हणजे गुलामांनी स्वतःच्या सुटकेची किंमत मालकांना द्यायची. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांची परतफेड १९४७ पर्यंत चालली.

कादंबरीत शेवटी मोजणीवाले येतात, जमिनी मापायला लागतात आणि पुन्हा वेठबिगारी सुरू होते. टी नोएल वैतागतो आणि मकांडालची विद्या वापरून पक्षी, घोडा, गांधीलमाशी, मुंगी होऊन बघतो. मुंगी झाला तर तिथेही ओझी वाहायला लावणारे मुकादम! मग हंस होतो, पण हंसांचा कळप त्याला जवळ करत नाही. मकांडालने रूपं घेतली होती ती आपल्या माणसांसाठी, आपण घेतोय ती पळून जायला, हे तेव्हा म्हाताऱ्याला उमगतं. तो पुन्हा माणूस होतो आणि नव्या मालकांविरुद्ध युद्ध पुकारतो.